सेफ्टी परवडत नाही म्हणता, मग स्फोट कसा परवडतो?

"सेफ्टी वगैरे सगळं ठीक आहे हो, पण परवडलं पाहिजे ना!"

हे वाक्य मी जालन्यात गेल्या वीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने 'सेफ्टी' म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करू शकतो. शेठ म्हणतात. त्यांचे मॅनेजर म्हणतात. ठेकेदार तर म्हणतातच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधी कधी कामगारच म्हणतो, "साहब, कंपनी को नहीं परवडता होगा."

तर मंडळी, आज या 'परवडत नाही'चा हिशेब मांडू. माणुसकी, संवेदना, अश्रू हे सगळं थोडा वेळ बाजूला ठेवतो. फक्त पैशाची भाषा बोलतो, कारण समोरच्याला तीच कळते असं तो स्वतःच सांगतो. पोस्ट लांब आहे. चहा घ्या आणि वाचा. एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर त्याला नक्की पाठवा.

आधी एक सांगून ठेवतो. इथे कोणत्याही स्थानिक कंपनीचं नाव येणार नाही. घाबरतो म्हणून नव्हे. नाव घेतलं की चर्चा त्या एका शेठची होते, बाकीचे हात झटकून मोकळे होतात. हा प्रश्न एकाचा नाही.

आपला धंदा नेमका काय आहे?

'जालना सोने का पालना' हे आपण लहानपणापासून ऐकतो. आज त्या पाळण्यात लोखंड आहे. बियाणं आणि स्टील ही शहराची दोन तोंडं. पण आपलं स्टील म्हणजे टाटांसारखं खाणीतून माती काढून केलेलं नव्हे. आपल्याकडे मुख्यतः भंगार येतं. मुंबईच्या पाडलेल्या इमारतींचं, पुण्याच्या कारखान्यांतलं, परदेशातून कंटेनरने आलेलं. स्पंज आयर्नसोबत ते इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याचं बिलेट होतं आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते. ती तुमच्या-माझ्या घराच्या स्लॅबमध्ये जाते.

म्हणजे हा रिसायकलिंगचा धंदा आहे. मोठ्या शहरात सेमिनारमध्ये ज्याला 'सर्क्युलर इकॉनॉमी' म्हणतात आणि ज्याच्यासाठी केंद्राने २०१९ मध्ये स्टील स्क्रॅप रिसायकलिंगचं वेगळं धोरण आणलं, तो धंदा आपली पोरं रोज सोळाशे डिग्रीच्या भट्टीपुढे उभी राहून करतात. त्यांना कुणी पर्यावरण पुरस्कार देत नाही. हातमोजे धड दिले तरी पुष्कळ.

स्फोट होतो कसा?

भट्टीवर काही झालं की चॅनेलवर पट्टी फिरते, 'बॉयलरचा स्फोट'. अहो, भट्टी म्हणजे बॉयलर नव्हे. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करतात. इथे लोखंड वितळतं, आणि इथला सगळ्यात मोठा शत्रू पाणीच आहे.

एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,७०० लिटर जागा मागते. हे पाणी वितळलेल्या लोखंडाच्या पोटात अडकलं तर ती जागा एका क्षणात मागते. मग लोखंड वर उसळतं आणि आजूबाजूला जो उभा असेल त्याच्यावर पडतं.

हे पाणी येतं कुठून? पावसात उघड्यावर पडलेल्या भंगारातून. दोन्ही बाजूंनी चेपलेल्या पाइपातून. गाडीच्या शॉकअपमधून, ज्याच्या आत तेल असतं. रिकामा समजून टाकलेल्या गॅसच्या सिलेंडरमधून. दाबून गाठ केलेल्या पत्र्याच्या पोटात कुणी काय घातलंय हे तर गाठ बांधणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरी वाट भट्टीच्या अस्तरातून येते, म्हणजे लायनिंग. भट्टीच्या आतली ही जाड भिंत प्रत्येक हीटला थोडी थोडी झिजते. तिच्यामागे तांब्याची कॉइल असते आणि कॉइलमधून थंड पाणी फिरत असतं. अस्तर किती हीट चालवायचं याची मर्यादा ठरलेली असते. पण ऑर्डर जोरात असली की "अजून दोन हीट काढ रे" होतं. एक दिवस लोखंड भिंत पोखरून कॉइलपर्यंत पोहोचतं. पुढचं सांगायला नको.

तिसरी गोष्ट म्हणजे ब्रिजिंग. भट्टीच्या तोंडाशी भंगार एकमेकांत अडकून त्याचं झाकण तयार होतं. खाली लोखंड तापतच राहतं, वरच्याला वाटतं अजून वितळायचंय. मग पोरगा सळईने वरचं भंगार ढकलायला जातो.

आता बघा, यात नशीब कुठे आलं? देवाची करणी कुठे आली? ओलं भंगार दिसतं. बंद पाइप दिसतो. झिजलेली लायनिंग मोजता येते. हीटचं रजिस्टर असतं, किंवा असायला हवं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, "अचानक झालं." अचानक फक्त स्फोट होतो. त्याची तयारी आठवडाभर चाललेली असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच एमआयडीसीत एका स्टील कारखान्यात स्फोट झाला आणि वीसेक कामगार जखमी झाले. देशभर बातमी झाली. पुढारी आले, फोटो झाले, चौकशीचे आदेश झाले. मला एवढंच विचारायचंय, त्यानंतर तुमच्या कारखान्यात भंगाराच्या यार्डवर शेड पडली का? भंगार निवडायला एक तरी माणूस वाढला का? उत्तर तुमचं तुम्हाला माहीत आहे.

आता हिशेब

आकडे मी उदाहरणापुरते घेतोय. शेठ लोकांनी आपापले खरे आकडे घालून बघावेत, हरकत नाही.

समजा भट्टी १५ टनांची आहे. दिवसाला आठ हीट निघतात. म्हणजे १२० टन माल. समजा सगळा खर्च जाऊन टनामागे हातात हजार रुपये उरतात. म्हणजे दिवसाला १ लाख २० हजार.

आता सेफ्टीचा खर्च. भट्टीत माल जाण्याआधी भंगार निवडायला प्रत्येक पाळीत दोन माणसं ठेवली, तीन पाळ्या, एकूण सहा माणसं. प्रत्येकाचा महिन्याचा खर्च २० हजार धरा. महिन्याला किती झाले? १ लाख २० हजार.

नीट वाचा. सहा माणसांचा महिनाभराचा पगार म्हणजे भट्टीची एका दिवसाची कमाई. स्फोट झाला, पोलीस आले, चौकशी लागली, कॉइल बदलायची झाली, भट्टी महिनाभर बंद राहिली, तर जेवढं उत्पन्न बुडतं तेवढ्यात हीच सहा माणसं अडीच वर्षं पोसता येतात. आणि यात मी कॉइलची किंमत धरलेली नाही. क्रेनचं नुकसान धरलेलं नाही. भट्टी बंद असली तरी महावितरणच्या बिलात लागणारा डिमांड चार्ज धरलेला नाही. बँकेचा हप्ता धरलेला नाही. अर्धवट राहिलेल्या ऑर्डरचा डीलर दुसऱ्या ब्रँडकडे गेला तो धरलेला नाही. स्फोट बघून रातोरात गाडी पकडून गावी गेलेले अनुभवी कामगार धरलेले नाहीत. नवीन माणूस भट्टीवर तयार व्हायला महिने लागतात, आणि तोपर्यंत तोच सगळ्यात जास्त चुका करतो.

"विमा आहे ना!" असेल. पण सर्व्हेअर आला की पहिलं काय मागतो? लायनिंगचं रजिस्टर. ते नसलं किंवा एकाच पेनाने एकाच दिवशी भरलेलं दिसलं, की मग शेठजींच्या चेहऱ्यावरचा रंग बघण्यासारखा असतो.

आता यातली खरी गंमत सांगतो. भंगार निवडणं हा फक्त सेफ्टीचा खर्च नाहीच. निवडताना माती निघते, रबर निघतं, प्लॅस्टिक निघतं. ते भट्टीत गेलं असतं तर त्याचा स्लॅग झाला असता आणि तो तापवायला वीज जळली असती. निवडताना तांब्याची वायर निघते, पितळ निघतं, ॲल्युमिनियम निघतं. त्याला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. आणि तांबं स्टीलमध्ये गेलं की सळई रोल होताना तडकते, माल रिजेक्ट होतो. स्वच्छ आणि कोरडं भंगार गेलं की लायनिंगही जास्त टिकते.

म्हणजे जो माणूस बंद सिलेंडर बाजूला काढतो, तोच माणूस तांबं बाजूला काढतो. एकाच पगारात जीवही वाचतो आणि मालही सुधारतो. दुसऱ्या धंद्यांत सेफ्टी आणि नफा वेगवेगळ्या वह्यांत लिहीत असतील. रिसायकलिंगमध्ये दोन्ही एकाच ढिगाऱ्यात पडलेले असतात. ढिगारा निवडायचा की तसाच भट्टीत लोटायचा, एवढाच प्रश्न आहे.

न निवडलेलं भंगार किती महाग पडतं?

तीन उदाहरणं देतो. तिन्ही आपल्या देशातली, तिन्ही जाहीर झालेली.

पहिलं, सप्टेंबर २००४, गाझियाबादजवळ साहिबाबाद. स्टील कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत तोफगोळे निघाले. स्फोटात १० कामगार गेले. पण त्यानंतर झालं काय? देशभरात भंगाराचे कंटेनर तपासायला लागले, आणखी ठिकाणी गोळे सापडले, आयातीचे नियम कडक झाले. ज्यांच्या कारखान्यात काहीच झालं नव्हतं त्यांचेही कंटेनर अडकले. एका ठिकाणी भंगार नीट तपासलं गेलं नाही, भुर्दंड सगळ्या धंद्याला.

दुसरं, २००८. फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत किरणोत्सर्ग सापडला, कोबाल्ट-६०. माग काढत काढत तपास कुठे पोहोचला? भारतात, आपल्या महाराष्ट्रात, खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत. भंगारात कुठूनतरी आलेला किरणोत्सर्गी तुकडा वितळला, त्याचं स्टील झालं, स्टीलचं बटण झालं आणि बटण फ्रान्सकडे गेलं. तिकडच्या लिफ्ट कंपनीला सुमारे ५०० लिफ्टमधली बटणं काढावी लागली. आता सांगा, भट्टीच्या तोंडाशी रेडिएशन तपासायचं यंत्र बसवणं महाग, की परदेशातल्या गिऱ्हाइकाने तुमच्या देशाच्या मालाकडे संशयाने बघणं महाग?

तिसरं, २०१०, दिल्लीचा मायापुरी भंगार बाजार. विद्यापीठाने जुनं, वर्षानुवर्षं पडून असलेलं प्रयोगशाळेचं यंत्र लिलावात काढलं. भंगारवाल्याने ते नेलं, तोडलं. आत कोबाल्ट-६० होतं. एकाचा जीव गेला, बाकीचे महिनोन्‌महिने आजारी. तोडणाऱ्याला आपण काय तोडतोय हे माहीतच नव्हतं. विद्यापीठासारख्या शिकलेल्या जागेने भंगार विकताना सांगितलं नाही. मग गल्लीतल्या गोदामवाल्याकडून काय अपेक्षा करायची?

तिन्हींत एकच धागा आहे. कामगाराच्या जिवाला जिथे धोका होता, तिथेच धंद्यालाही धोका होता. कामगार फक्त रांगेत पहिला उभा होता.

मग शेठला हे कळत नाही का?

इथे जरा थांबा. कारण 'सेफ्टी ठेवा, नफा वाढेल' एवढं बोलून मी घरी गेलो तर ती अर्धीच गोष्ट होईल. भाषण म्हणून ठीक. खरं वेगळंच आहे.

शेठ वेडा नाही. तो रोज सकाळी भंगाराचा भाव, स्पंजचा भाव, सळईचा भाव आणि विजेचा दर तोंडपाठ करून बसतो. टनामागे पन्नास रुपये कुठे वाचतात हे त्याला झोपेतही कळतं. मग एवढा साधा हिशेब त्याला का दिसत नाही?

कारण अपघाताचं बिल त्याच्या टेबलावर पूर्ण येतच नाही. बरंचसं दुसरेच भरतात.

कामगार ठेकेदाराचा. ठेकेदाराच्या वर आणखी एक ठेकेदार. माणूस बिहारचा, झारखंडचा, उत्तर प्रदेशचा. हजेरी वहीत नाव आहे की नाही देव जाणे. ईएसआयचं कार्ड असलंच तर कधी कधी अपघातानंतरच्या तारखेचं. नाव नोंदवलेलं असतं तर मालकाला पगारावर फक्त सव्वातीन टक्के भरावे लागले असते, आणि माणूस गेला तरी त्याच्या बायकोला पेन्शन मिळालं असतं. नोंदवलं नाही, म्हणून सव्वातीन टक्के वाचले. बाईचं पेन्शन गेलं.

नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा काय सांगायचा? तीस वर्षांचा, महिन्याला १५ हजारांचा कामगार कामावर मेला तर साधारण १५ लाख ६० हजार रुपये व्हायचे. हा काही मोठा आकडा नाही, पण निदान आकडा आहे. प्रत्यक्षात काय होतं? दवाखान्याच्या दारात मुकादम, गावाकडून आलेला भाऊ आणि कंपनीचा माणूस बसतात. रोख काही लाख, ॲम्ब्युलन्सचं भाडं, आणि एका कागदावर अंगठा. ज्या भावाला इथली भाषा येत नाही, ज्याला मयत घेऊन दीड हजार किलोमीटर जायचंय, तो काय कोर्टात लढणार? प्रकरण 'मिटलं'.

भाजलेल्या माणसाला पहिले तास मोलाचे असतात. इथून साठ किलोमीटरवरच्या संभाजीनगरला न्यायचं. घाटी दवाखान्याचा खर्च कोण भरतो? सरकार. म्हणजे तुम्ही-मी. आयुष्यभर हात वाकडा राहिला तर त्याला कोण पोसतं? त्याची बायको.

कायद्याची भीती म्हणाल, तर १९४८ च्या कारखाना कायद्यात सुरक्षेचे नियम मोडल्यामुळे माणूस मेला तरी किमान दंड होता २५ हजार. आज बरा मोबाइल त्याहून महाग आहे. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यात हा किमान दंड ५ लाख केला आणि दंडातला निम्मा तरी वारसांना द्या असं कोर्ट सांगू शकतं. हे चांगलं झालं. पण त्याच संहितेत विजेवर चालणाऱ्या युनिटला 'कारखाना' म्हणण्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर नेली. आपल्याकडे भंगार तोडणारी किती गोदामं आहेत जिथे बारा-पंधरा पोरं गॅस कटर घेऊन बसतात? बंद सिलेंडर, बंद पाइप पहिल्यांदा त्यांच्याच हातात येतो. नेमकं तिथूनच कायद्याचं बोट सुटलं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. 'सेफ्टी परवडत नाही' हे खोटं आहे. खरं हे आहे की 'अपघात परवडतो', कारण त्याचे पैसे दुसऱ्याच्या खिशातून जातात. शेठचा हिशेब चुकलेला नाही. हिशेबाची वहीच अर्धी आहे. राहिलेली अर्धी वही समस्तीपूर नाहीतर पलामूच्या कुठल्यातरी घरात आहे.

नेहमीची तीन उत्तरं

एक, "लेबरच ऐकत नाही हो. हेल्मेट दिलं तर घालत नाहीत."

मे महिना, बाहेर बेचाळीस डिग्री, आत भट्टी. तुम्ही दिलेलं हेल्मेट बांधकामावरचं, स्वस्तातलं प्लॅस्टिक. ते घालून अर्धा तास भट्टीपुढे उभे राहा, मग बोलू. उष्णता परतवणारा सूट, चेहऱ्याची जाळी, पाळीत विश्रांती, प्यायला थंड पाणी हे द्या आणि मग न घालणाऱ्याला घरी पाठवा, मी तुमच्या बाजूने लिहीन. आणि टनावर बोनस लावायचा, हीट लवकर निघाली की बक्षीस द्यायचं, आणि मग म्हणायचं पोरं घाई करतात! घाई तुम्ही विकत घेतलेली आहे.

दोन, "शेजारचा करत नाही. मी एकट्याने खर्च केला तर माझी सळई महाग होईल."

हे मात्र मला पटतं. खरंच पटतं. यात तथ्य आहे म्हणूनच नियम सगळ्यांना सारखा लागू व्हायला हवा. पण मग तुमच्या संघटनेने हे सरकारला सांगावं ना! वीजदर वाढला की तुम्ही एकजुटीने मुंबई गाठता. 'सगळ्यांना सारखी तपासणी लावा' म्हणून एकदा तरी गेलात का?

तीन, "पत्रकार लोकांना कारखाने बंद पाडायचेत. मग पोरांना काम कोण देणार?"

मी याच शहरात राहतो. माझ्या गल्लीतले निम्मे लोक एमआयडीसीवर जगतात. भट्टी बंद झाली की किराणावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांची उधारी वाढते, हे मला पेपरात वाचावं लागत नाही. म्हणूनच लिहितोय. भट्टी बंद पाडतो तो स्फोट, माझी पोस्ट नव्हे.

हे करून दाखवलंय कुणी?

केलंय. १९८७ मध्ये पॉल ओ'नील नावाचा माणूस अमेरिकेतल्या अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचा प्रमुख झाला. तिथेही वितळलेला धातू, तिथेही भाजलेले कामगार. गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात तो नफ्यावर नाही, कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलला. काही जणांना वाटलं माणसाचं डोकं फिरलंय. त्याने नियम केला की कुणालाही इजा झाली तर त्या विभागाच्या प्रमुखाने चोवीस तासांत ते वरपर्यंत कळवायचं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं. २००० मध्ये तो बाहेर पडला तेव्हा कंपनीचा वार्षिक नफा पाचपट झाला होता.

सगळा नफा सेफ्टीमुळेच वाढला असं मी म्हणणार नाही, बाजारही असतो. पण एक गोष्ट त्यातून कळते. इजा का झाली हे खरंखरं शोधायचं तर यंत्र कसं चालतं, माल कसा येतो, कोण कुणाला काय सांगत नाही हे सगळं उघडं पडतं. जिथे अपघात लपवतात तिथे खराब मालही लपवतात, वीजगळतीही लपवतात, भंगारात मिसळलेली मातीही लपवतात. लपवायची सवय एकच असते.

मागायचं काय?

भाषण पुरे. रोकड्या मागण्या सांगतो.

१. प्रत्येक भट्टीवाल्याकडे भंगारासाठी छप्पर. पावसाळ्यात ओला माल भट्टीत गेला तर पाळीचा इनचार्ज जबाबदार, आणि त्याला 'नाही' म्हणायचा अधिकार लेखी.

२. बंद पाइप, सिलेंडर, शॉकअप कापल्याशिवाय किंवा बाजूला काढल्याशिवाय भट्टीत नाही. निवडणाऱ्या माणसाला टनावर नव्हे, दिवसावर पगार.

३. लायनिंगच्या हीटचा आकडा भट्टीशेजारी मोठ्या फळ्यावर, हिंदीत. शेवटच्या कामगारालाही दिसला पाहिजे की आज कितवी हीट चालली आहे.

४. परदेशी भंगार घेणाऱ्या कारखान्याच्या गेटवर रेडिएशन तपासणी.

५. ठेकेदाराचा असो की कंपनीचा, पहिल्या दिवशी ईएसआय नोंद. नाव नसलेला माणूस भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर दिसला तर दंड मुख्य मालकाला, ठेकेदाराला नव्हे.

६. अपघाताच्या चौकशीचा अहवाल लोकांसमोर. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाने तपासणी केली, कारण शोधलं, मग ते फायलीत का झोपतं? शेजारच्या भट्टीवाल्याला ते कळलं तर तिथला अपघात टळेल.

७. मराठवाडा-विदर्भातल्या उद्योगांना २०१६ मध्ये विजेत सवलत सुरू झाली. भट्टीवाल्यांचा सगळ्यात मोठा खर्च वीज, त्यामुळे फायदाही मोठा. ते पैसे जनतेचे आहेत. मग सवलत घेणाऱ्याकडून सुरक्षेचं प्रमाणपत्र दरवर्षी का मागू नये? ज्याच्या भट्टीवर माणूस गेला आणि निष्काळजीपणा सिद्ध झाला, त्याची सवलत त्या वर्षापुरती बंद. बघा मग सेफ्टी कशी एका रात्रीत परवडायला लागते!

सातवी मागणी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. कारण तीच एक अर्धी वही पूर्ण करते. उपदेशाने जे वीस वर्षांत झालं नाही ते वीजबिलाने वीस दिवसांत होईल.

पुढाऱ्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी दवाखान्यात कॉटजवळ फोटो काढायला याल तेव्हा येताना चौकशीचा मागचा अहवालही सोबत आणा.

शेठ लोकांपैकी जे खरोखर चांगलं काम करतात, आणि असे आहेत, त्यांनी मला बोलवा. शेड दाखवा, निवडणारी माणसं दाखवा, आकडे दाखवा. तुमच्या नावासकट लिहीन. चांगल्याचं नाव घ्यायला मला कसलीच अडचण नाही.

आणि कामगार भावांनो, तुमच्या भट्टीवर आज कितवी हीट चालली आहे, भंगार ओलं आहे का, ईएसआय कार्ड मिळालं का, हे इनबॉक्समध्ये कळवा. हिंदीत लिहा, भोजपुरीत लिहा, आवाज रेकॉर्ड करून पाठवा. नाव कुणाला कळणार नाही, ही माझी जबाबदारी.

पावसाळा तोंडावर आलाय. यार्डात भंगार उघडंच पडलंय.